तळ्याखालचं गढूळ पाणी

आईनं पहिल्यांदा सांगितलं ते डिसेंबर २०१९ मध्ये. तळ्याच्या बांधाखाली जुन्या मोरीतून एक ओहोळ वाहतो, तिथं आमच्या गल्लीतल्या बायका धुणं धुवायच्या. "धोतराला तांबडा रंग चढूलालाय बघ. पाऊस जाऊन दोन महिनं झालं, मग पाणी गढूळ कसं काय?" मी तेव्हा बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपला होतो, दुसऱ्या पाळीला निघायच्या घाईत. "वर कुणाची तरी म्हसरं डुंबत असतील," म्हणालो आणि गाडीला किक मारली.

बेळगावला पोचेपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. तळ्याचं पाणी मी सकाळीच पाहिलं होतं, तळ दिसावा इतकं नितळ होतं. वर नितळ आणि खाली गढूळ. म्हणजे माती मधूनच येत होती, आणि मध्ये होता तो बांध.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डोंगर ओलांडला की चंदगड. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी तळी बेळगाव-खानापूर भागात गावोगाव आहेत आणि मला एकाच गावाकडं बोट दाखवायचं नाही. बांध मातीचा, आठ मीटर उंच, एकशे ऐंशी मीटर लांब. १९७२ च्या दुष्काळानंतर सरकारी कामातून झाला असं म्हातारी माणसं सांगतात. माझे वडील तिथं बुट्टीनं माती टाकायला होते. खाली तीस-पस्तीस एकर शिवार, पावसाळ्यात भात आणि रताळी. पण गेल्या दहा-बारा वर्षांत ते शेतीचं तळं कमी आणि फिरायला यायचं ठिकाण जास्त झालं. रविवारी बेळगावहून गाड्या येतात. बांधावर सिमेंटची बाकडी, पाय मारून चालवायची एक होडी, चहा-भज्याच्या चार टपऱ्या. त्यातली एक माझ्या चुलतभावाची. हे आधीच सांगतो, कारण पुढं सगळ्यात अवघड बोलणं त्याच्याशीच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधाच्या मागच्या बाजूला, पायथ्याला उतरलो. इतकी वर्षं आम्ही सगळे बांधाच्या माथ्यावरून पाण्याकडं तोंड करून चालायचो, मागं कुणी बघत नव्हतं. मागं रान माजलेलं. बांधाच्या पोटातून सिमेंटचा नळ आरपार गेलाय, शेतीला पाणी सोडायचा. त्याच्या तोंडापासून चार पावलांवर जमीन ओली होती आणि एका जागी, पातेल्यात भात रटरटावा तशी, बारीक माती खालून वर उसळत होती. भोवती मुंग्यांच्या वारुळासारखी तांबड्या मातीची गोल कड जमलेली.

मी पाण्याची एक रिकामी बाटली भरून घरी आणली आणि रात्रभर खिडकीत ठेवली. सकाळी तळाला बोटाच्या पेराएवढा तांबडा गाळ बसला होता. मग पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन परत गेलो. सगळी गळती एका पन्हाळीत घेतली. बादली भरायला पन्नास सेकंद लागली. दिवसभर मायक्रोमीटर हातात असलेल्या माणसाला आकड्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं. पुढं जे काही झालं ते त्या वहीच्या जोरावर झालं.

झोप उडायला आणखी एक कारण होतं. त्याच वर्षी २ जुलैच्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं होतं. तेही मातीचंच. वीसपेक्षा जास्त माणसं गेली. धरण गळतंय हे गावकरी आधीपासून सांगत होते. नंतर खेकड्यांनी धरण पोखरलं असं जाहीरपणे म्हटलं गेलं, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. माझ्या लक्षात राहिलं ते गावानं आधी सांगितलं होतं हे.

मेव्हण्याच्या ओळखीचे पाटबंधाऱ्यातले एक निवृत्त अभियंता धारवाडला असतात. त्यांना बाटलीचा फोटो पाठवला. ते पुढच्या रविवारी स्वतःच्या खर्चानं आले, सत्तरी ओलांडलेले, हातात काठी. आमचं बोलणं कन्नडमधूनच झालं. गळत नाही असा मातीचा बांध मी नोकरीत पाहिला नाही, ते म्हणाले. पाणी गळतंय याला घाबरू नका, ते सोबत काय घेऊन येतंय ते बघा. नितळ पाणी येत असेल तर मोजत राहायचं, गढूळ यायला लागलं की समजायचं बांधाची माती चाललीय. पाण्याबरोबर कण बाहेर पडतो तो आधी पायथ्याकडचा. मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. असं करत बीळ उलटं, तळ्याच्या दिशेनं सरकत जातं. त्याला वर्षं लागतात. पण एकदा ते तळ्याच्या पाण्याला जाऊन मिळालं की मग हाताशी फक्त काही तास असतात.

नळाच्या बाजूलाच हे का, तेही त्यांनी दाखवलं. गोल नळाच्या कुशीत, खालच्या अंगाला माती ठोकून नीट घट्ट बसवता येत नाही. तिथं पोकळी राहते आणि पाणी नळाच्या अंगाअंगानं वाट काढतं. जुन्या छोट्या बांधांत दुखणं बहुतेक इथूनच सुरू होतं.

नंतर आम्ही माथ्यावरून चाललो. दर दहा पावलांवर ते काठी खुपसायचे. मागच्या उतारावर अकेशियाची मोठी झाडं होती, सावलीसाठी कुणीतरी लावलेली. मुळं ओलाव्याच्या शोधात बांधात आत शिरतात आणि झाड मेलं की ती कुजून तिथं नळीसारखी पोकळी राहते. पण तळं भरलेलं असताना बुंधा उपटायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. वाळवीची वारुळं, घुशींची बिळं, गाड्या नेऊन माथ्यावर पडलेल्या चाकोऱ्या, सगळं मी लिहून घेतलं. त्या दिवशी मी एक चूकही सुधारली. गळती तळ्याच्या पातळीप्रमाणे कमी-जास्त होते, त्यामुळं भरल्या तळ्याचा आकडा अर्ध्या तळ्याच्या आकड्याशी लावून उपयोग नाही. मी मोरीच्या विहिरीवर, म्हणजे नळात पाणी सोडायची झडप असते तिथं, रंगानं फूट आणि इंच आखले आणि मग पातळी लिहून त्यापुढं सेकंद लिहायला लागलो.

आता हे सांगायचं कुणाला? इथं माझं एक वर्ष गेलं.

पंचायतीत म्हणाले, तळं आमच्याकडं नाही, तालुक्याला जा. तालुक्याच्या एका कार्यालयात म्हणाले, आमच्या यादीत नाही, दुसऱ्या खात्याकडं असेल. दुसऱ्या खात्यात एका सज्जन कारकुनानं यादी माझ्यासमोर उघडली. आमचं तळं तिथंही नव्हतं. त्यानंच समजावलं की कर्नाटकात चाळीस हेक्टरांपर्यंत भिजवणारी तळी जिल्हा पंचायत आणि ग्रामपंचायतीकडं येतात, चाळीस ते दोन हजार हेक्टरांपर्यंतची कामं लघु पाटबंधारे खात्याकडं. आमचं शिवार फार तर पस्तीस एकर, म्हणजे पंधरा हेक्टरसुद्धा नाही. तरी कागद लागतोच. पहाणीचा उतारा, म्हणजे महाराष्ट्रातला सातबारा, काढला. त्यावर सर्व्हे नंबरपुढं 'सरकारी केरे', म्हणजे सरकारी तळं, एवढंच. सरकारी खरं, पण कुणाचं?

अर्ज मी कन्नडमध्ये दिले. बैलहोंगलचा एक सहकारी शॉपवर जेवणाच्या सुट्टीत बसून लिहून द्यायचा. गावात काहींना ते आवडलं नाही. मराठीत अर्ज द्यायचा हक्क सोडायचा का, असं विचारलं. तो हक्क मला मान्यच आहे आणि त्यासाठी मी वेगळा भांडेन. पण पायथ्याची माती रोज वाहत होती, आणि ज्याला वाचायचंय त्याला पहिल्या वाचनात कळावं एवढंच मला तेव्हा हवं होतं. 'तूबू' म्हणजे पाणी सोडायची मोरी आणि 'कोडी' म्हणजे सांडवा, जादा पाणी बाहेर जायची वाट, हे शब्द तेव्हापासून माझ्या तोंडात बसले.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद पडलं. कार्यालयं उघडल्यावर मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. प्रश्न एकच ठेवला: अमुक सर्व्हे नंबरातल्या तळ्याच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या कार्यालयाकडं आहे, आणि त्या कार्यालयाच्या मालमत्ता नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत. ज्यांना हे करायचंय त्यांना सांगतो, 'धरण सुरक्षित आहे का' असं विचारू नका, त्याला 'होय' एवढंच उत्तर येतं. कागद मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, अपील केलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये एक पान हातात पडलं. तळं पंचायतीच्याच वहीत होतं. १९९० च्या दशकात हस्तांतर झालेलं, नंतरच्या कुणी ते पान उघडलेलंच नाही.

त्याच महिन्यात, गेल्या डिसेंबरच्याच पातळीला, बादली एकतीस सेकंदांत भरली.

दरम्यान वर आणखी काहीतरी घडत होतं. शहरं बंद असताना पोरं गावी परतली होती. तळं भरलेलं दिसावं, होडी जानेवारीनंतरही चालावी म्हणून त्यांनी सांडव्याच्या उंबऱ्यावर सिमेंटच्या ठोकळ्यांची दोन फूट भिंत घातली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मासेमारीचा ठेका घेतलेल्यानं त्यावर लोखंडी जाळी ठोकली, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. मी फोनवर सांगितलं तेव्हा धारवाडचे साहेब क्षणभर बोललेच नाहीत. मग त्यांनी हिशेब सांगितला. आमचा सांडवा बारा मीटर रुंद, उंबरा माथ्यापासून दीड मीटर खाली. लाटांसाठी अर्धा मीटर सोडला तर सांडव्यावरून एक मीटर जाडीचं पाणी वाहू शकतं, म्हणजे सेकंदाला अंदाजे वीस घनमीटर. दोन फूट भिंत घातली की चाळीस सेंटिमीटर उरतात, आणि मग वाहणारं पाणी पाच घनमीटर. उंची निम्म्याहून थोडी जास्त कमी झाली, पण क्षमता पावपटीवर आली. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो कापला जातो, आणि ते होऊ नये यासाठी सांडव्याशिवाय दुसरं काही नसतं.

हा आकडा मी ग्रामसभेत फळ्यावर लिहिला. चुलतभाऊ उठला. "तळं रिकामं दिसलं तर माणसं येतील कशाला? आम्ही खायचं काय, ते पण लिही की फळ्यावर." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये त्याची दुसरी कमाई बुडाली होती आणि घरात दोन पोरं शिकणारी. ठराव झाला नाही. वहिनी दोन महिने आमच्याकडं आली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

२२ जुलै २०२१ पासून जो पाऊस लागला तो कोल्हापूर, बेळगाव भागातल्या कुणाला सांगायला नको. २३ च्या रात्री अकराच्या सुमारास मी बॅटरी घेऊन बांधावर गेलो. पाणी माथ्यापासून दीड फूट खाली. सांडव्याकडं गेलो तर जाळी पालापाचोळ्यानं, जलपर्णीनं आणि एका निलगिरीच्या फांदीनं गच्च बुजलेली, पाणी तिच्यामागं तुंबलेलं. तासाभरात पाणी चढून माथ्याच्या फक्त एक वीत खाली राहिलं, आणि तेही चाकोऱ्या पडून माथा खचला होता त्या जागी. पाणी सगळीकडं एका पातळीत चढतं आणि सगळ्यात खोल जागा शोधतं.

सगळ्यात आधी आम्ही ओहोळाकाठची सहा घरं उठवून शाळेत नेली. मग देवळाचा भोंगा लावला. खताच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून खचलेल्या जागेवर दोन थर रचले. बांधावर पहार घेऊन पहिला पोचला तो चुलतभाऊ. काही बोलला नाही. कमरेला दोर बांधून तो आणि आणखी दोघं कडेनं उतरले, जाळीच्या तारा तोडल्या आणि भिंतीचे ठोकळे एका कडेपासून पाडत गेले. पहाटे साडेतीनला पातळी उतरायला लागली.

हे वाचून कुणी असंच करावं असं मला वाटत नाही. वाहत्या सांडव्यात माणूस उतरवणं म्हणजे त्याचा जीव पणाला लावणं. त्या तिघांपैकी एकाचा पाय निसटला होता, दोर होता म्हणून तो आज आहे. तो ठोकळा तिथं मुळात नसायला हवा होता, आणि तो जूनच्या आधी उन्हात, कोरड्या जागी उभं राहून काढता आला असता.

पुढच्या ग्रामसभेत ठराव दहा मिनिटांत झाला, मांडला चुलतभावानं.

काम २०२२ च्या उन्हाळ्यात निघालं. मातीकाम आणि साफसफाई उद्योग खात्रीतून, म्हणजे महाराष्ट्रात जिला रोजगार हमी म्हणतात तिच्यातून, आणि बाकीचं पंचायतीकडच्या वित्त आयोगाच्या निधीतून. पंचायतीच्या नव्या पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, हे मनावर घेतलं. तळं हळूहळू रिकामं केलं, कारण पातळी एकदम उतरवली तर पाण्याकडचा ओला उतार घसरतो. नळाभोवतीची माती उकरल्यावर दिसलं, नळाच्या कुशीत माझा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी पोकळी होती. तीन वर्षं आम्ही त्याच्या वर बाकड्यावर बसून भजी खात होतो.

माती परत भरताना धारवाडचे साहेब खुर्ची टाकून बसले होते. वीस सेंटिमीटरहून जाड थर त्यांनी घालू दिला नाही. मुठीत दाबल्यावर लाडू व्हावा आणि बोटांना चिकटू नये इतकीच ओल. गाभ्याला चिकणमाती, बाहेरून मुरूम. पायथ्याला आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी आणि वर जांभ्या दगडाचा भार. याला ते गाळणी म्हणत. पाणी जाऊ दे, माती राहू दे. गळती पूर्ण बंद करायच्या नादात बाहेरून सिमेंट लावायचं नाही. तसं केलं तर पाणी आत कोंडतं आणि दुसरीकडून फुटतं. मुकादमाला ते पटायला दोन दिवस लागले.

अकेशिया तोडले. तळं रिकामं असल्यानं मोठे बुंधे काढून खड्डे थराथरानं भरले आणि उतारावर हरळी लावली. सावली गेली म्हणून माणसं हळहळली, मलाही ते उघडं दिसतं. बाकडी आता बांधापासून दूर, आंब्यांखाली आहेत, टपऱ्याही तिकडंच. माथ्यावर गाडी जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना दगड रोवले. मोरीच्या विहिरीजवळ पोहायला बंदीचा फलक मराठी आणि कन्नडमध्ये आहे. झडप उघडी असताना तिथं पाणी आत ओढतं आणि वरून ते दिसत नाही.

मधल्या काळात डिसेंबर २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा आला. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात, आणि दहा ते पंधरा मीटरमधली, जर लांबी पाचशे मीटर असेल, साठा दहा लाख घनमीटर असेल किंवा अशीच दुसरी एखादी अट लागू होत असेल तर. आमचा बांध आठ मीटरचा. ऑगस्ट २०२४ मध्ये तुंगभद्रेचा एकोणिसावा दरवाजा वाहून गेला तेव्हा आठवडाभर सगळं राज्य धरणांबद्दल बोलत होतं. आमच्यासारख्या तळ्याखाली सहा घरं असतात, त्यांच्याबद्दल कायदाही बोलत नाही. दरवर्षी मे महिन्यात अभियंत्यानं येऊन बघावं आणि तारीख टाकून सही करावी, असा ठराव आम्ही दोनदा पाठवलाय. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या महिन्यात मी परत जाणार आहे, वही घेऊन.

जूनच्या आधी आम्ही पाचजण बांध चालतो. एक माथ्यावरून, दोघं उतारावरून, दोघं पायथ्यानं. झडपेचं चाक फिरवून बघतो, ग्रीस लावतो. तिची किल्ली आधी एकाच्याच घरी असायची, आता दुसरी शाळेत टांगलेली आहे. सांडव्यावर बोटभर काही दिसलं तरी चुलतभाऊच आधी ओरडतो.

आई आता धुण्याला जात नाही, गुडघे दुखतात. तरी रविवारी मी बांधावरून आलो की दारातच विचारते, "पाणी कसं होतं रे?" या रविवारी निवळ होतं. बादलीला एक मिनिट वीस सेकंद लागली.